सांडलेलं वजा करून

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी आप्पा दारावर नखाने दोनदा टकटक करायचे आणि हलकेच म्हणायचे, "मीच शे रे." मग आतून कोणी 'या' म्हणेल अशा बेताने जरा थांबायचे आणि मगच कडी काढायचे. पहिल्या दिवशी ते पाहून मला हसू आवरेना. तुम्हालाही आवरलं नसतं. उंदरांची परवानगी मागणारा माणूस काही रोज भेटत नाही.

"हसू नका ताई," ते म्हणाले. "एकदम दार उघडलं का हे दचकतात. दचकले का खाणं बंद. मग तुमचा आकडा चुकतो, अन् बोलणी मी खातो."

सुरतेतल्या एका फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराची ही खोली होती. कागदोपत्री तिचं नाव प्राणिशाळा. हवा बाहेर फेकणारा एकच पंखा होता आणि तो बंद पडला की ओल्या भुशाचा आणि मुताचा असा वास कोंडायचा की नवे विद्यार्थी नाकाला रुमाल लावूनच यायचे. आप्पा त्या वासाबद्दल कधी बोलले नाहीत. मी तिथे संशोधनाला लागले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून आलो होतो. विभागात मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्यांची ताई झाले आणि ते माझे आप्पा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मूळचे खानदेशातल्या अमळनेरकडचे, म्हणून 'आहे'चं 'शे'. सुरतेतल्याच लिंबायतमध्ये सतरा वर्षं पॉवरलूमवर काढली, त्यात उजवा कान गेला. लूमच्या खटखटाटात बोलायचं तर ओरडावंच लागतं, ती सवय अंगात मुरलेली. दाराबाहेर त्यांनी साधं "चहा सांगू का?" विचारलं तरी समोरचा दचकून मागे सरायचा. पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की हाच माणूस कुजबुजायला लागायचा. "सतरा वर्षं कानाशी यंत्र ऐकलं," ते म्हणायचे. "आता हे दात करकरवतात ना, तेवढाच आवाज बरा वाटतो."

एकदा सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन न सांगताच आत शिरले. बूट वाजवत, मोठमोठ्याने बोलत. आप्पा तोंड मिटून कोपऱ्यात उभे राहिले. पाहुणे गेल्यावर त्यांनी सरांना आपल्या खास गुजराती-हिंदी मिसळीत सुनावलं, "साहेब, आज आ लोकोनुं जमवानुं बगड्युं. अब दोपहर तक कोई नहीं खाएगा." सर आधी हसले. पण पुढच्या वेळी त्यांनी बूट दारात काढून ठेवलेले मी पाहिले.

आता उंदरांच्या जेवणाचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं सगळं संशोधनच त्यावर होतं. मेंदूत नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू तयार होतो, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतो आणि लगेच विरून जातो. शरीरात वायूसुद्धा निरोप्याचं काम करतो ही गोष्ट तेव्हा नवी होती आणि आम्ही सगळे तिने भारावून गेलो होतो. हा वायू बनूच दिला नाही तर उंदीर कमी खातो. तो कमी का खातो आणि त्यात सेरोटोनिनचा हात किती, हा माझा प्रश्न. मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं की पोट भरल्याची जाणीव लवकर होते. वायू अडवल्यामुळे तेच वाढतं की काय, ते मला पाहायचं होतं. त्यासाठी रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदरांना सकाळी इंजेक्शन द्यायचं, पुढ्यात तोलून खाद्य ठेवायचं आणि दोन दोन तासांनी कोणी किती खाल्लं ते लिहायचं.

आप्पांनी हे माझ्याकडून एकदाच ऐकलं आणि नव्या विद्यार्थ्यांना आपल्या पद्धतीने सांगू लागले. "मेंदूत एक वायू ऱ्हातो, तो 'खा' म्हणतो. दुसरं एक शे, ते 'बस झालं' म्हणतं. ताईचं इंजेक्शन पहिल्याचं तोंड दाबतं. मग दुसऱ्याचंच राज." माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी हेच चाळीस पानांत लिहिलं आहे.

उपासाचा दिवस मात्र त्यांना जड जायचा. पिंजऱ्यांवरचं खाद्य काढून घेताना ते एकेकाला समजावायचे, "उद्या सकाळी, बरं का, उद्या सकाळी." त्या दिवशी ते आपला डबा खोलीत उघडत नसत. सायकल स्टँडच्या कट्ट्यावर जाऊन, खोलीकडे पाठ करून जेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलेला उंदीर भुकेला असूनही खाद्याकडे बघायचा नाही, अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहायचा, तेव्हा तर आप्पांची तगमग पाहवत नसे.

"खा ना रे भो," ते जाळीशी तोंड नेऊन म्हणायचे. मग माझ्याकडे वळायचे. "ताई, याच्या पोटात भूक शे, पण याले वाटतच नही का भूक शे. हे लई वाईट."

"आप्पा, तो खात नाही हाच तर निकाल आहे."

"निकाल तुमचा. पोट त्याचं."

तोलण्याची शिस्त मला त्यांनी लावली, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पहिल्या आठवड्यात मी ठेवलेलं खाद्य आणि उरलेलं खाद्य एवढंच तोलत होते. तिसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्यासमोर एक कागदाची पुडी ठेवली. प्रयोगाच्या पिंजऱ्यांना जाळीचा तळ असतो आणि खाली कागद अंथरलेला असतो. त्या कागदावर पडलेला चुरा त्यांनी झटकून, उन्हात वाळवून आणला होता.

"हे बी तोला. हे त्यानं खाल्लं नही. खाल्ल्यासारखं केलं."

उंदीर गोळी कुरतडतो आणि बराचसा चुरा खाली पाडतो. मी खाल्लं म्हणून लिहिलेल्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्या पुडीत निघाला. तीन दिवसांचे आकडे मी खोडले. तेव्हापासून आमच्या वहीत ठेवलं, उरलं, सांडलं असे रकाने आले आणि शेवटी जी बाकी राहील ती 'खाल्लं'च्या रकान्यात. आप्पा चौथी शिकलेले, पण त्या वजाबाकीत त्यांची चूक मला कधी सापडली नाही.

त्यांच्या डब्यात माझ्या वाट्याची एक जादा भाकरी यायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, सोबत ठेचा. ती पाठवणाऱ्या बाईंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, मी न बघताच मावशी म्हणू लागले होते. प्रत्यक्ष भेट झाली प्लेगनंतर. ते दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. निम्मं शहर मिळेल त्या गाडीने पळालं होतं, आम्हीही नाशिक गाठलं. कॉलेजला कुलूप लागलं. उंदीर म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा त्या दिवसांत आप्पा लिंबायतहून रोज चालत येत होते आणि आमच्या उंदरांना दाणापाणी देऊन चालत परत जात होते. गल्लीत हे कळल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना नळावर येऊ दिलं नाही.

मी परतल्यावर त्यांच्या घरी गेले. एकच खोली, एका भिंतीला पत्र्याची मोठी ट्रंक, तिच्यावर गोधड्यांची चळत. मावशी अंगाने चांगल्या भरलेल्या, हसताना पदर तोंडाशी नेणाऱ्या. "माले म्हनेत गावले जाय," त्या सांगू लागल्या. "मी म्हनलं, तुम्ही उंदरेसले सोडतस नही, ते मी तुम्हले कशी सोडू? ताई, यास्ना उंदरे म्हंजे मन्या सवती शेतस. साठ सवती!"

"सत्तर!" आप्पा स्टोव्हजवळून लूमवरच्या आवाजात ओरडले आणि तिघेही हसलो. मुलगी लग्न होऊन शिरपूरला गेलेली. ही दोघंच. इतक्या मोठ्याने भांडणारी आणि एकमेकांचा इतका लळा असलेली दोघं मी फार पाहिली नाहीत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, थंडीच्या सुरुवातीला, आप्पा एक दिवस पिंजरे पुसता पुसता म्हणाले, "ताई, तुमच्या मावशीचं खाणं कमी झालं. ती दोन घास घेती अन् पोट भरलं म्हणती."

सरकारी दवाखान्यात दाखवून झालं होतं. डॉक्टरांनी टॉनिक आणि लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पंधरा दिवस खाण्याकडे लक्ष ठेवा, वाढलं नाही तर घेऊन या, तोंडातून नळी घालून पोट आतून पाहू, असं बजावलं होतं. मावशींनी त्या नळीची धास्ती घेतली होती. नळी झाली की पोट फाडणार, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

नेमके तेव्हाच माझे शेवटचे प्रयोग चालू होते. त्यात आर्जिनिन देत होतो. तो वायू ज्यापासून बनतो तो हा कच्चा माल. आमच्या इंजेक्शनने खाणं सोडलेल्या उंदराला आर्जिनिन भरपूर दिलं की वायू पुन्हा बनू लागतो आणि उंदीर पुन्हा खाऊ लागतो. कालपर्यंत कोपऱ्यात बसून राहणारे उंदीर आप्पांच्या डोळ्यांदेखत दोन्ही पंजांत गोळी धरून खायला लागले. ते त्या पिंजऱ्यांपुढून हलेनात.

"ताई, हे दुसरं औषध माणसाले चालतं का?"

"नाही हो आप्पा. माणसाचं वेगळं असतं."

तरी ते गेले नाहीत. ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. मला पुढच्या पिंजऱ्याची वेळ गाठायची होती. त्यांना बरं वाटावं आणि ते बाजूला व्हावेत म्हणून मी म्हटलं, "तसं ते शेंगदाण्यातही भरपूर असतं."

तेवढ्यावर थांबले. खरं तर पुढे सांगायला हवं होतं की ज्या उंदराची भूक आम्हीच मारली होती, त्याचीच ती परत येत होती. मावशींची भूक आम्ही मारली नव्हती. ती कशाने गेली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढं समजवायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सरांकडून भांडारातला जुना पितळी पारड्यांचा तराजू मागून घेतला. दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि मावशींचं खाणं लिहायला लागले. ठेवलं, उरलं, खाल्लं. रोज सकाळी ती वही ते माझ्या टेबलावर ठेवायचे. पहिल्या दिवशी एकशे दहा ग्रामच्या भाकरीतली चाळीस ग्राम. आठवडाभराने साठ. शेंगदाण्यांची वाटी तर पूर्ण रिकामी. आप्पांचा चेहरा खुलत चालला होता. दाराबाहेरचा त्यांचा आवाज पुन्हा चढला.

"शेंगदाणा काम करतो, ताई!" ते सायकल स्टँडवरून ओरडले. चार विद्यार्थ्यांनी माना वळवून पाहिलं.

जेवताना कोणी समोर बसलेलं मावशींना चालेनासं झालं होतं. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. टक लावून पाहिलं की कोणाचं खाणं उतरत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ताट तोलून पुढ्यात ठेवायचं, आपण ओट्यावर जाऊन बसायचं आणि परत येताना आपल्याच घराचं दार वाजवायचं, असा त्यांनी नेम केला.

पंधरा दिवस झाले. दवाखान्याची तारीख आली. वही माझ्यापुढे धरून आप्पांनी विचारलं, "काय करू? नळीचं नाव काढलं का ती रडते."

मी आकडे पाहिले. चाळीस, पन्नास, साठ, पंच्याहत्तर. "वाढतंय ना?" मी म्हटलं. "मग थांबा अजून पंधरा दिवस. कशाला त्रास देता त्यांना?"

हा सल्ला मी मावशींच्या कळवळ्याने दिला असं तुम्हाला सांगावंसं वाटतं. पण ते खरं नाही. आप्पा रजेवर गेले असते तर माझा उंदरांचा शेवटचा गट अडला असता आणि प्रबंधाची मुदत जवळ आली होती. हे त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. पुढच्या पंधरवड्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हा आकडा नव्वदला टेकला होता.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन घरी गेले. सगळी गल्ली पतंगांसाठी गच्चीवर होती. मावशी गोधडी पांघरून ट्रंकेला टेकून बसल्या होत्या. गालांची हाडं वर आलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला ते दिसलं. रोज सकाळी प्रत्येक उंदराचं वजन केल्याशिवाय मी वही उघडत नसे, पण मावशींचं वजन किती हे विचारायचं मला सुचलं नाही. थंडीने माणूस सुकतं, अशी मी मनाची समजूत घातली.

आप्पांनी माझ्यादेखत भाकरी पारड्यात ठेवली. काटा स्थिर झाल्यावर मोठ्या अभिमानाने माझ्याकडे पाहिलं आणि चहाला दूध आणायला गेले. ते गेल्यावर मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आकडा वाढला का यास्ले लई बरं वाटस."

मला वाटलं, नवऱ्याच्या मायेबद्दल बोलताहेत. मी त्यांचा हात दाबला आणि म्हटलं, "तुम्ही अशाच खात राहा." त्या दाराकडे बघत राहिल्या. निघताना त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगदाणे घातले. मी ते रस्त्यात खात खात घरी आले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी कॉलेजात पोचले तर आप्पा प्राणिशाळेच्या पायरीवर बसलेले. दार उघडलेलं नव्हतं. मी जवळ गेले तरी उठले नाहीत. बोलले तेही बाहेर असून कुजबुजल्यासारखं.

"ताई, घरात उंदराच्या लेंड्या दिसल्या. जाड, काळ्याभोर, ओल्या. उपाशी उंदराच्या अशा नसतात. धान्य तर सगळं डब्यात बंद. मंग म्हटलं, हे खातात काय?"

त्यांनी ट्रंक ओढली होती. ट्रंकेमागे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलेले भाकरीचे तुकडे होते. वाळून कडक झालेले, कडा कुरतडलेले. शेंगदाणेही होते. फडकं उंदरांनी तीन ठिकाणी फोडलेलं. चाळीस दिवसांचं सगळं तिथे होतं. चहा आणि थोडी पेज, एवढंच काय ते मावशींच्या पोटात जात होतं.

"काय म्हणाल्या?"

"आधी तोंड फिरवलं. मंग म्हणे, माले नळी नको व्हती. अन् तुम्ही रोज इतला खूश व्हतात." आप्पा दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले होते. "खाली काय पडलं ते मीच पाहिलं नही, ताई. तुमाले शिकवलं. घरी पाहिलं नही."

पाहिलं तर मीही नव्हतं. रोज सकाळी ती वही माझ्या टेबलावर असायची. सांडलेल्याचा रकाना त्यात नव्हता, आणि उंदरांच्या वहीत तो एक दिवस लिहायचा राहिला असता तर मी पान फाडून टाकलं असतं. आप्पा आशेने आंधळे झाले होते. मला माझ्या सोयीने आंधळं केलं होतं. ते पायरीवर बसून स्वतःला दोष देत होते आणि मी तो त्यांना एकट्याला घेऊ दिला. "चला, आजच दवाखान्यात नेऊ," एवढंच म्हटलं.

नळी घातली. पोटात गाठ निघाली, मोठी. चार दिवसांनी पोट उघडलं आणि तसंच पुन्हा शिवलं. वऱ्हांड्यात मी तिथल्या तरुण डॉक्टरांना गाठून विचारलं, महिनाभर आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. आधी आणलं असतं तरी काही झालं नसतं, असं ते म्हणाले असते तर मी सुटले असते. 'वाचल्या असत्या' म्हणाले असते तर निदान शिक्षा तरी कळली असती. ते तीन शब्द घेऊन मी इतकी वर्षं वावरते आहे.

मावशी होळीच्या आधी गेल्या. शेवटचे आठ दिवस चमच्याने पाणीही उतरत नव्हतं. आप्पांनी त्या दिवसांत तराजू काढला नाही.

तेराव्यानंतर मी लिंबायतला गेले. मुलगी शिरपूरहून आली होती आणि दोन दिवसांनी बापाला सोबत घेऊन जाणार होती. आप्पा गेले ते परत आले नाहीत, सरांनी दोन पत्रं पाठवली तरी. तेव्हा ही आमची शेवटची भेट. मुलीने चहा दिला. आप्पा माझ्याशी नीट बोलले, माझ्या शेवटच्या गटाचं काय झालं तेही विचारलं. मी म्हटलं, झालं पूर्ण.

मग त्यांनी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, उरलं आणि खाल्लं यांच्यामध्ये, लाल रेघ मारून एक अरुंद रकाना बसवला होता. वर लिहिलं होतं, सांडलं. खाल्लंचा प्रत्येक जुना आकडा एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहिला होता.

"ट्रंकेमागचं सगळं तोललं," आप्पा म्हणाले. "वाळून हलकं झालेलं, म्हणून एक ताजी भाकर चार दिवस उन्हात ठेवून पाहिली, किती वजन जातं ते. ते मिळवलं. कोणत्या दिवशी कितलं टाकलं ते कळत नही, म्हणून ज्या दिवशी जितलं खाल्लं लिहिलं, त्या प्रमाणात वाटलं. चुकीचे आकडे ऱ्हायले नको."

मी पानं उलटत गेले. कुठे सहा ग्राम, कुठे दहा, कुठे बारा. वजाबाकी सगळी बरोबर होती.

"पण एक शे, ताई. उंदरांनी खाल्लेलं सापडलं नही. ते कसं तोलणार? म्हणून तेवढं तिच्या नावावर ठेवलं. तेवढं तिनं खाल्लं असं धरलं."

त्या दहा-बारा ग्रामांखेरीज पानावर मावशींचं म्हणून काही उरलं नव्हतं, आणि तेही त्यांचं नव्हतं. हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"तपासलं म्हणून सही करा."

मी सही केली.